लाल बादली

आमचं खातं म्हणजे दोन खोल्या, एक पंखा
आणि खिडकीतून दिसणारं पोर्ट व्हिलाचं बंदर,
जिथं बुधवारी आमच्या कचेरीहून उंच जहाज लागतं.
देशातल्या सगळ्या कल्पनांची मालकी
एका लोखंडी कपाटात मावते.
किल्ली माझ्याकडे. कधी कधी घरीच विसरते.

एलायजा बोंगमेल अंब्रिमहून आले,
मालवाहू बोटीत, रात्रभर खोबऱ्याच्या पोत्यांवर झोपून.
पिशवीतून टॉवेल काढला. निळा,
जहाजावरच्या दुकानातला. त्यावर कासव,
एका रेघेचं, बोट न उचलता काढलेलं,
त्यांच्या कुळात काढतात तसं. फक्त त्यांच्याच कुळात.
"हे आमचं आहे," म्हणाले. जरा थांबून,
"आणि हे आमचं नाही."
मी दोन्ही वाक्यं टिपून घेतली.

आमचा अर्ज एका मोठ्या देशानं दिलेला,
थोरल्याचा सदरा धाकट्याला द्यावा तसा.
बाह्या अजून लोंबतात.
निर्मात्याचं नाव?
कासवाला विचारा.
निर्मितीचं साल?
डोंगरानं राख ओकली त्याच्या आधी.
कुठल्या वेळी ओकली?
तो काय, ओकतच असतो.
रकाना सात: कृती टिकाऊ माध्यमात आहे काय?
ते हसले. "वाळूत आहे, पोरी.
काढायची, गोष्ट सांगायची, पुसायची.
न पुसता उठू नये."

नमुना तरी जोडावा लागेल, मी म्हटलं.
त्यांची नजर दाराशी गेली,
आगीसाठी टांगलेल्या लाल बादलीकडे.
गेल्या वर्षीची राजपत्रं जमिनीवर अंथरली,
वर वाळू ओतली, तळहातानं निववली.
पंखा मीच बंद केला.

रेघ निघाली. वळली. स्वतःलाच ओलांडून
पुन्हा स्वतःजवळ आली. पाय झाले, पाठ झाली,
मी दुसऱ्या बेटाची, मला यातलं काही कळत नाही,
तरी श्वास धरून बसले होते.
शेपटीच्या अलीकडे बोट थांबलं.
"पुढचं?"
"पुढच्याला डुक्कर लागतं. वाकड्या सुळ्याचं.
माझ्या बापानं तीन दिली होती."

खात्याच्या अंदाजपत्रकात डुक्कर नाही.
स्टेपलर आहे, चहापान आहे.
आणि कायदा म्हणतो, झाकलेलं राखून देतो,
पण आधी उघडून दाखवा.

मी टॉवेल उजेडात धरला. शेपटीपाशी
रेघ तुटली होती. एक वळसा कमी.
"छापणाऱ्याची चूक?"
"बापाची," ते म्हणाले. "वही घेऊन एक गोरी बाई आली होती.
भली होती, साबण वाटायची.
बापानं तिला सगळं दाखवलं. एक वळसा सोडून."

मी खुर्चीवरून उठलेच.
कासव काय, सगळ्या समुद्रांत आहे,
वकील म्हणेल, कुणालाही सुचलं असेल.
पण ही चूक? हीच, आणि याच जागी?
ती एकाच माणसाच्या घरून येऊ शकते.

मग आम्ही लिहिलं.
कृती: चूक.
निर्माता: मालोन बोंगमेल, मयत.
माध्यम: टॉवेल.
शुल्क त्यांनी नाण्यांत मोजून दिलं,
शेवटचं नाणं बुटातून काढून.

जाताना म्हणाले, मेल्यावर वाटेत एक म्हातारी बसते.
अर्धं चित्र पुसते आणि म्हणते, पुरं कर.
ज्याला येत नाही त्याला खाते.
"टॉवेलवाल्याला कुणीतरी कळवायला हवं."
मी विचारलं, पत्ता आहे का तिचा?
ते इतके हसले की खोकला लागला.

मग वाकून त्यांनी अर्धं कासव पुसलं,
वाळू ओंजळीनं बादलीत भरली.
राजपत्राच्या घड्यांत थोडी राहिली, अजून आहे.

अर्ज वरच्या कचेरीत गेलाय. उत्तर नाही.
शुक्रवारी अग्निशमनचा तपासनीस आला,
बादलीत डोकावला,
आणि वहीत लिहून गेला:
वाळू पुरेशी आहे.